आमच्याच मैदानात

प्रिय अमिल्कार,

न्हावी झेफेरिनो माझा हिरवा स्कार्फ ओढत होता आणि मी सोडत नव्हते. मोसमाचा शेवटचा फुटबॉल सामना होता, लिस्बनच्या बड्या क्लबशी. बरोबरी झाली असती तरी आपला क्लब पहिल्या श्रेणीत राहिला असता. पण मैदान आपलं आणि सगळं गाव तुझ्यासारखंच लिस्बनवाल्यांच्या लाल शर्टात.

"काकू, खाली बसा! हरणाऱ्यांसाठी घसा कशाला फोडताय?"

"तू जन्मलास कुठे रे, लिस्बनला?"

तो हसला. त्यांचा गोल झाला तेव्हा तो नाचलाही. आपला क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला. मी शेवटपर्यंत उभी होते.

तू म्हणशील, आता तरी बाबांचा क्लब सोड. म्हणून हे पत्र पाठवणार नाही.

न बसलेली तुझी बहीण,
देओलिंदा

ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कार्फ धुतला आणि झेफेरिनोच्या दुकानासमोरच्या आपल्या बाल्कनीत वाळत घातला.