पळयता की पळयना

चोपडे, पेडणे

प्रिय मनू,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. सगळे बरे आहेत, तुझी आई तर माझ्यापेक्षा बरी आहे. फोन करता आला असता, पण फोनवर आपलं बोलणं होतं कुठे? आई स्पीकर लावते, मध्येच कुकरची शिट्टी होते, आणि तिकडे रत्नागिरीहून तू विचारतेस, बाबा, गोळ्या घेतल्या ना, मग मी ड्युटीवर जाते. शिवाय त्या यंत्रावर माझा अजून राग आहे. का, ते तुला सांगायला नको.

पाय आता छान चालतो. ढगाळ हवेत ठणकतो थोडा, तेवढं कौतुक त्याचं करावंच लागतं. मोटारसायकलही गॅरेजमधून आली. पुढचं पिवळं मडगार्ड नवं घातलंय. ते इतकं पिवळं आहे की स्टँडवरचा विठू म्हणतो, भाड्याने माणसं नेणाऱ्या पायलटाची गाडी नव्हे ही, हळदीला बसलेली नवरी. मी रोज पेडण्याच्या स्टँडवर जाऊन भाडी मारतो, हे आईने तुला सांगितलंच असेल.

तिने न सांगितलेलं मी सांगतो. धारगळच्या उतारावर त्या टेम्पोने मला उडवलं, त्यानंतर आजपर्यंत मी हायवेवर चाक घातलेलं नाही. आपल्या स्टँडवर भाडं नंबराने मिळतं. माझा नंबर आला आणि माणूस केरी किंवा मांद्रे म्हणाला, तर मी तयार. हायवेवरचं म्हापसा म्हणाला की माझी गाडी आजारी पडते. कधी हवा कमी, कधी ब्रेक ढिला. मग ते भाडं मागच्या विठूला जातं. परवा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "परशुरामा, तुझ्या गाडयेक पेट्रोलापेक्षा निमित्तांच जास्त लागतत रे!" सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

त्या टेम्पोवाल्या प्रशांतवर तरी नीट चिडावं म्हटलं, तर तेही जमू दिलं नाही त्याने. बेळगावकडची भाजी घेऊन आंबोलीमार्गे येतो. त्या दिवशी बायको बाळंत झाली होती आणि मुलीचा पहिला फोटो नेमका त्या उतारावर त्याच्या फोनवर आला. इस्पितळात माझ्या खाटेशी उभा राहून पोरगा रडला. "काका, एकदाच बघितलं हो." एकदाच! आता दर फेरीला तो स्टँडवर टेम्पो थांबवतो, कप्प्यात बंद करून ठेवलेला फोन मला दाखवतो आणि एक कोबी देऊन जातो. तुझी आई आता कोबीला घाबरते. प्रशांतला मी केव्हाच माफ केलं, मनापासून. पण बाकीच्या गाड्यांचं काय करू? प्रत्येक काचेमागे मला खाली वाकलेली मानच दिसते.

तुला आपला खेळ आठवतो? तू शाळेत होतीस, रविवारी माझ्या मागे बसायचीस, आणि समोरून गाडी आली की माझ्या खांद्यावरून मान काढून ड्रायव्हरचे डोळे बघायचीस. त्याने आपल्याला बघितलं असलं तर ओरडायचीस, पळयता! नसलं तर, पळयना! तेव्हा कुणाकडे होते मोबाइल? तरी लोक कमी नव्हते. कुणी कॅसेट बदलायचा, कुणी आरशात भांग पाडायचा, एक तर चालत्या गाडीत देवाला उदबत्ती लावत होता. तू "पळयना!" म्हटलंस की मी गाडी कडेला घ्यायचो. आणि जो बघायचा त्याला तू हात करायचीस. ट्रकवालेसुद्धा हात करायचे. खनिजाच्या धुळीने लाल झालेला तो डिचोलीचा ड्रायव्हर तर तुला बघून दरवेळी हॉर्न वाजवायचा. घरी आल्यावर आईला सांगायचीस ते मात्र फक्त बघणाऱ्यांचं.

आता मागच्या सोमवारची गंमत ऐक. गंमत म्हणजे माझी फजिती. केरीच्या पद्मावतीबाई बाजारातून नारळांचं पोतं घेऊन आल्या. पोतं त्यांनी सीटवर टेकवलं, मी दोरी बांधली. समोर एक माणूस म्हापशाचं भाडं विचारत होता. हा आता माझ्याकडेच येणार, काय सांगू, टायर की क्लच, याच विचारात होतो मी. मागे वजन लागलं होतं, बाई बसल्या असं धरून मी निघालो. सबंध रस्ता नारळांशी पावसापाण्याच्या गोष्टी केल्या. केरीला पोचून म्हटलं, उतरा बाई. कोण उतरणार? परत आलो तर बाई स्टँडवर कमरेवर हात ठेवून उभ्या. "मेल्या, नारळांक घर दाखवून इलंस काय?"

बाई हसून हसून बसल्या, पण मी आतून हललो, मनू. हातात फोन नव्हता, समोर फोटो नव्हता. मी नुसता भ्यालो होतो आणि भीतीने माझे डोळे रस्त्यावरून उचलले होते. माझ्यासमोर तेव्हा दुसरा कुणी पायलट आला असता आणि त्याच्या मागे लहानपणीच्या तुझ्याएवढी पोर असती, तर ती माझ्याकडे बघून काय ओरडली असती?

तू तुमच्या इस्पितळाच्या गेटवरची नोकरी माझ्यासाठी विचारून ठेवलीस. खुर्ची आहे, पंखा आहे, पगार आहे. गणेशचवथीपर्यंत उत्तर हवंय म्हणालीस. मी हो-नाही काहीच बोललो नाही, म्हणून तू रुसलीस, हेही कळतं मला. नोकरी वाईट नाही गं. पण भीतीने पळून आलेला माणूस त्या खुर्चीवर बसवू नकोस.

म्हणून हे पत्र. चवथीसाठी दोन दिवस आधी येशील तेव्हा स्टेशनवरून रिक्षा करू नकोस, मी येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं आणायला डिचोलीला सुलोचनाआतेकडे जाऊ. हळर्णवरून वळसा घालून नाही. धारगळवरून, हायवेने. तुझ्या मापाचं हेल्मेट आणून ठेवलंय. मोठी झालीस, लाज वाटेल, तरी मागे बसून ओरड. "पळयना" मी एकटाही बघतो, तेवढंच तर बघतोय इतके दिवस. मला ते दुसरे, बघणारे, मोजून दाखव. आणि डिचोलीला पोचेपर्यंत "पळयता" ओरडून तुझा आवाज बसला, तर आतेच्या अंगणातच त्या नोकरीचं माझं उत्तर घेऊन टाक.

तुझाच,
बाबा