दोन राऊटर आणि एक दार

१२ जानेवारी, सोमवार

नवीन वही. आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात.

आमच्या केबल-इंटरनेटचे मालक कुंडलिकशेठ यांचा शहापूरहून फोन. म्हणाले, महिपत, राऊटरमधलं सॉफ्टवेअर जुनं झालंय, एकदाचं बदलून टाक. म्हणालो, रविवारी करतो. कारखाने बंद असतात, पोरं क्रिकेटला.

मुरबाडपासून वाशिंदपर्यंत आमचं सगळं नेट मुरबाडच्या रूममधल्या दोन राऊटरमधून जातं. दोन कशाला? एक पडला तर दुसरा उभा. याला रिडंडन्सी म्हणतात. आधी एक अपग्रेड करायचा, तो नीट चालतो का ते तासभर बघायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा. गिऱ्हाइकाला पत्तासुद्धा लागत नाही. दहा वर्षं काढलीत मी यात. घरीही मी सगळं डबल ठेवतो. दोन लायटर, दोन छत्र्या, दोन गजर. आज दोन्ही गजर वाजले. उठलो नाही, तो भाग वेगळा.

१३ जानेवारी, मंगळवार

कुणालीला इंटरव्ह्यू आला! वाशिंदचा कारखाना, लॅबमधली नोकरी. बायको बी.एस्सी. केमिस्ट्री आहे आणि पाच वर्षं सरळगावात भाकऱ्या थापतेय, याचं मला वाईट वाटतं. भाकऱ्या चांगल्या होतात, पण तरी.

इंटरव्ह्यू व्हिडिओवर, शनिवारी दुपारी बाराला. ती म्हणाली, मी वाशिंदला जाऊनच देते. म्हणालो, येडी का गो तू? जीपा बदलत, धूळ खात कशाला? नवरा नेटवर्क इन्चार्ज आहे. घरात बस आणि दे. नेट एक सेकंद जाणार नाही, शब्द आहे माझा.

गेल्या मार्चमध्येही मी शब्द दिला होता. तेव्हा जेसीबीने केबल तोडली आणि तिचा इंटरव्ह्यू ‘माझं नाव कुणाली’ एवढ्यावरच संपला. ती चूक जेसीबीची. आठ दिवस अबोला मात्र माझ्याशी.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. शेठना तिळगूळ द्यायला शहापूरला गेलो आणि माझ्यावरच संक्रांत आली. शेठ म्हणाले, रविवारी अमावस्या. अमावस्येला आमी भिंतीत खिळा ठोकत नाय, मशीन कसली बदलता? गुरुजींना विचारून ठेवलं होतं त्यांनी. शनिवार, साडेअकरा ते बारा. दोन्ही मशीनचं काम त्यातच झालं पायजे.

मी समजावलं की एकालाच पंचवीस मिनिटं लागतात, मग तासभर थांबावं लागतं. शेठ म्हणाले, मग दोन्ही एकदमच लाव की. मी ठाम नकार दिला. मनात. तोंडाने हो म्हणालो.

माझा मुहूर्तावर विश्वास नाही. पण हिशेब बघता, साडेअकराला दोन्ही लावले की अकरा पंचावन्नला नेट परत. इंटरव्ह्यू बाराला. पाच मिनिटं उरतातच.

कुणालीला सांगणार नाही. उगाच काळजी करेल.

१६ जानेवारी, शुक्रवार

रूमची तपासणी केली. दाराचं अंगठ्याचं लॉक उत्तम. आयडिया माझीच. आमचा लाइनमन चंदर चहाला जायचा आणि दार उघडं टाकायचा, म्हणून आत जाताना अंगठा, बाहेर येतानाही अंगठा. अंगठा कोणाचा ते शहापूरच्या ऑफिसातला कॉम्प्युटर तपासतो, मगच दार उघडतं. अडीअडचणीला किल्ली आहे. भोक बाहेरच्या बाजूला. किल्ल्या दोन, दोन्ही माझ्याच खिशात. रिडंडन्सी. दाराखाली रबर लावलंय, उंदीर आत येऊ शकत नाही.

संध्याकाळी कुणाली साडीला इस्त्री करत होती. विचारलं, उद्या काय काम नाय ना काढलंत? म्हणालो, किरकोळ.

तिने इस्त्री जरा जास्तच वेळ एका जागी धरली.

१७ जानेवारी, शनिवार

सकाळी ७.१५ – निघालो. कुणाली तयार, पायात चप्पलही. म्हणालो, व्हिडिओत पाय दिसत नाहीत. हसली. बरं वाटलं.

११.३० – चंदरने बाहेर नारळ फोडला. मी आत, दार बंद. दोन्ही राऊटरना एकदम कमांड दिली. एसी अठरावर आहे.

११.५५ – दोन्ही चालू झाले, पण नेट नाही. नवीन सॉफ्टवेअरमध्ये मुख्य कोण ते दोघांनी आपसात ठरवायचं असतं. पंगतीत दोन व्याही बसावेत तसं चाललंय. आधी तुम्ही. छे छे, आधी तुम्ही.

११.५८ – ठरवतील. सुशिक्षित मशीन आहेत.

१२.०० – अरे देवा.

१२.०६ – बाहेर जाऊन शेठना लँडलाइनवरून शांतपणे समजवावं म्हणून अंगठा लावला. लाल. दुसरा अंगठा. लाल. मग लक्षात आलं. माझा अंगठा शहापूरला विचारायला जातो. नेटवरून.

१२.१० – किल्ल्या खिशात आहेत. दोन्ही. भोक बाहेर आहे. दाराखाली रबर आहे. उंदीर येऊ शकत नाही, मीही जाऊ शकत नाही.

१२.१५ – चंदरला दारातूनच सगळं सांगितलं. तो बाहेरून ओरडला, महिपतभाऊ, दोघं भांडत असतील तर एकाला बंद करा ना! म्हणालो, चंदर, तू खांबावर चढ, राऊटरचं मला शिकवू नकोस. दोन मशीन जोडीने चालतात त्याला क्लस्टर म्हणतात, ते लाइनमनला कळत नाही.

१२.२० – एसीजवळच्या कोपऱ्यात फोनला एक काडी रेंज येते. कुणालीला लावला. लागत नाही. बरोबर आहे, सरळगावच्या घरात रेंज नाही, फोन वायफायवर चालतो. नेट नाही म्हणजे फोन नाही. अठरा वेळा लावला.

शेठचा मात्र लगेच लागला. म्हणाले, गावभर बोंब झालीय. म्हणालो, प्रोसेसमध्ये आहे. म्हणाले, कुठं आहेस? म्हणालो, आतमध्ये. पूर्णपणे.

१.१० – बाहेरून वास. माझा डबा चंदरकडे राहिलाय. त्याने विचारलं, बोंबील गार होतायत, खाऊ का? मी उत्तर दिलं नाही. त्याने तो होकार धरला.

१.४५ – थंडी. पाण्याची बाटली संपली. ती रिकामी हवीच होती.

खरं लिहितो, इथे कोण वाचतंय. रडू येतंय. ती साडी नेसून, केस विंचरून टेबलाशी बसली असेल, आणि स्क्रीनवर तो गोल फिरत असेल. नुसता फिरतोय. मार्चमध्ये ती ओरडली नव्हती, फक्त लॅपटॉप मिटला होता. त्याचा आवाज अजून कानात आहे. कशाला शब्द देतो मी?

२.४० – चंदर चहा पिऊन आला. पुन्हा म्हणाला, एकाला बंद करा ना भाऊ. या वेळी मी स्वतः स्वतंत्र विचार केला आणि एकाला बंद केलं.

२.४४ – नेट आलं! अंगठा हिरवा! बाहेर ऊन होतं. चंदरला मिठी मारली. त्याच्या तोंडाला माझ्या बोंबलांचा वास.

५.०० – घरी. वाटेत माफीच्या दोन पद्धती ठरवल्या, एक फसली तर दुसरी. दाराला कुलूप. शेजारच्या धोंडूबाई म्हणाल्या, कुणाली ना? ती तर तुज्या मागोमागच जीपने गेली वाशिंदला.

१८ जानेवारी, रविवार

काल सविस्तर लिहायला जमलं नाही. पेढे खात होतो.

नोकरी लागली! ती थेट कारखान्याच्या गेटवर गेली. म्हणाली, बारा उमेदवार होते, बाकीचे सगळे व्हिडिओवर. साडेअकरापासून कारखान्याचं नेटच गेलेलं. साहेब वैतागून बसलेले, आणि समोर खुर्चीवर ही एकटी. बाहेरच्यांचे मोबाइल गेटवर जमा. पाऊण तास बोलले, मंगळवारपासून हजर व्हायला सांगितलं.

कारखान्याचं नेट आमच्याकडूनच जातं. म्हणजे बाकीच्या अकरा जणांना बाहेर कोणी काढलं? मी. हे तिला नीट समजावून सांगितलं. तिने पेढ्यांचा डबा माझ्यापासून जरा लांब सरकवला. मग विचारलं, किरकोळ काम ते हेच का?

मी विचारलं, माझ्या शब्दावर विश्वास नव्हता तर सांगायचं तरी. ती म्हणाली, तुमीच सांगता ना, एक पडला तर दुसरा उभा पायजे. मग मी उभी रायले.

वाईट वाटलं. अभिमानही वाटला. मग आणखी एक पेढा खाल्ला.

ठरवलं: बंद ठेवलेला दुसरा राऊटर मंगळवारी अकराला जोडायचा. पंधरा मिनिटांचं काम, कुणालीलाही आधीच सांगून टाकलं. या वेळी काही होणार नाही.

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी ९.०० – दोन्ही गजर वाजले. उठलो. कुणाली सातलाच गेली, कामाचा पहिला दिवस. निघायला दार ओढलं. उघडत नाही. बाहेरून कुलूप.

९.१० – वायफायवर फोन केला. ती म्हणाली, आज दिवसभर व्हिडिओवर ट्रेनिंग आहे. साहेबांनी विचारलं, आज पण नेट जाईल का? मी शब्द दिलाय, एक सेकंद नाय जाणार. म्हणून तुमाला कुलूप लावलं. शेठना विचारूनच लावलंय, त्यांनी सुट्टी मंजूर केली. भाकरी झाकून ठेवलीय.

९.२० – दुसरी किल्ली धोंडूबाईंकडे. खिडकीतून हाक मारली. म्हणाल्या, हाय माज्याकडं, पण पाच वाजेपर्यंत द्यायची नाय, पोरीनं शपथ घातलीय. गजांतून चहा दिला.

दुपारी ४.३० – दिवसभर लक्ष ठेवून आहे. नेट एक सेकंदही गेलेलं नाही. शब्द पाळला मी.