फायबरला फायबर

हर्णै,
१२ मार्च २००४

प्रिय मुजम्मिल,

माझं अक्षर बघून हे पाकीट फोडशील की तसंच ठेवशील, ठाऊक नाय. अडीच वर्षांत तुला एक ओळ पाठवली नाही मी. महाडच्या शाळेत एका बाकावर बसून आपण दोघं नववी नापास झालो. तू मस्कतला जाऊन माणसात आलास, मी आपला गावोगाव. सध्या इथे होड्यांची डागडुजी करतो. मधे आठ दिवस एका सर्कशीच्या ट्रकवर बसून चिपळूणपर्यंत गेलो होतो, पण ते राहू दे. ती गोष्ट सुरू केली तर हे पत्र पुन्हा अर्धंच राहील. तीन वेळा राहिलंय.

जानेवारीत कापड्याला आईकडे गेलो होतो. तिचं तेच, एक तर लग्न कर, नायतर भात लाव. परतताना पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या अलीकडे, पंक्चरच्या टपरीवर बिलाल दिसला. तुझा सख्खा भाऊ, आणि मी आधी ओळखलंच नाय. दाढी वाढलेली, खांदे पडलेले. एका ट्रकवाल्याने त्याच वेळी सांगितलं, तुमच्या अफशाचा निकाह ठरला, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. बिलालला बहिणीची बातमी अशी टायर काढता काढता कळली. तो हसला आणि म्हणाला, "चांगू, चहा घेणार ना रे?" मग ट्यूब कानशीने घासली, सोल्यूशन लावलं, फुंकर मारली, ठिगळ दाबलं. मला ते बघवेना. मी रस्त्याकडे तोंड करून बसलो.

तू त्याच्याशी बोलत नाहीस हे सगळ्या दासगावला माहीत आहे. हसनचाचा गेल्यावर तू दहाव्या दिवशी आलास आणि अंगणात चार माणसांसमोर म्हणालास, बूच लावायला विसरलास तू, अब्बांना तू बुडवलंस. चाचा बुडाले त्या सकाळी होडी धुऊन, तळाचं बूच काढून पाणी काढून टाकायचं काम त्याचंच होतं. होडी सापडली नव्हती, बघणारा कोणी नव्हता. मग दुसरं कारण तरी काय असणार? चहा पिता पिता तो आपणहून म्हणाला, "बूच लावलं होतं रे मी. पितळेचे आटे बसले तसा मनगटाला हिसका लागला, इथपर्यंत आठवतंय. पण सगळे म्हणतात तर नसेल लावलं." मुजम्मिल, हे शेवटचं वाक्य माझ्या मागे लागलंय. अडीच वर्षं ऐकून ऐकून त्याचं मनगट त्याला खोटं वाटायला लागलंय.

आता त्या होडीचं. ती चाचांनी मुंबईकडच्या कुठल्याशा पाण्याच्या बागेतून आणली होती, आठवतं? नारिंगी, मुलं तळ्यात फिरवतात तसली. सगळे म्हणायचे फायबरची होडी. आपल्याकडे काय, खुर्ची फायबरची, बादली फायबरची, जे लाकूड नाय नि पत्रा नाय ते फायबर. दोन हजार एक साली मे महिन्यात तिच्या तळाला हातभर चीर गेली. मी तेव्हा वर्सोव्याला एका कारखान्यात दोन वर्षं फायबरचं काम करून आलेलो, अंगात जरा जास्तच मस्ती. चाचा म्हणाले, "पोलादपूरकर, तुझ्या पायाला भिंगरी हाय, पण हातात गुण हाय. बघ जरा हिच्याकडे." मी चीर घासली, काचेच्या धाग्यांची मॅट कापून रेझिनमध्ये भिजवून तीन थर बसवले, वरून नारिंगी रंग मारला. मागच्या बाजूला हिरव्या रंगात सलीमा असं नावही काढलं. तुझ्या आईने पदर तोंडावर घेऊन किती शिव्या दिल्या, "ह्या वयात माझा नाव पाण्यात घातला मेल्यांनी!" चाचांनी ठिगळावर टिचक्या मारल्या आणि विचारलं, "चार बोल्ट मारायचे काय रे, आतनं-बाहेरनं पट्टी लावून?" मी हसलो. म्हटलं, चाचा, चांगल्या फायबरला कशाला भोकं पाडता? फायबरला फायबर धरतं. ते वाक्य पुढे त्यांनी नाक्यावर दहा जणांना ऐकवलं. चांगूने सांगितलंय म्हणून.

ठिगळ पावसाळाभर टिकलं. ऑक्टोबरात नदी चढलेली असताना चाचा पल्याडहून चाऱ्याचे भारे घेऊन निघाले. पुढचं तुला माहीत आहे. तेव्हा मी गोव्यात होतो. मातीला नव्हतो, आणि नंतरही तुमच्या दारात आलो नाय. लोकांना वाटलं, चांगू असाच, कुठे टिकतोय. मीही तेच म्हणून घेतलं.

आता बाणकोटच्या खाडीचं. पंधरा दिवसांपूर्वी एका मचव्याचं काम बघायला तिथे गेलो. एका अंगणात बनुबाई नावाच्या म्हातारीने कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून उपडी होडी घातलेली. नारिंगी. हिरव्या रंगातला एक 'ली' तेवढा राहिलेला. "वाहून आली दोन पावसाळ्यांमागं," म्हातारी म्हणाली, "कोंबड्यांचा नशीब." तळ वर होता, म्हणून सगळं दिसत होतं. बूच जागेवर होतं. घट्ट. हाताने फिरेना, त्याच्या कडेवरून होडीच्या तळापर्यंत बारकी कालवं चिकटून दगड झालेली. आणि हातभर अंतरावर ती चीर, उघडी. माझं ठिगळ नव्हतंच. तुटलेलं नाय, फाटलेलं नाय, सुटलेलं. रेझिनचा एक कण नाय, धाग्याचा एक केस नाय. इतकी साफ जागा, जणू मी कधी तिथे हात लावलाच नव्हता. त्यातून आत बसलेली कोंबडी माझ्याकडे बघत होती.

मी म्हातारीला नवा पत्रा आणून दिला आणि बूच नि चीर दोन्ही येतील एवढा तुकडा करवतीने कापून घेतला. तो माझ्या पिशवीत आहे. करवतीखालून भुसा पडला नाही, मेणासारखे लांब लांब दोरे निघाले. आणि आता जे लिहितोय त्यासाठीच हे पत्र. मला ते दोरे नवे नव्हते. दासगावला चीर घासतानाही तसेच निघाले होते. फायबर घासलं की पांढरी धूळ उडते, दोन दिवस हात खाजतात. त्या संध्याकाळी माझे हात खाजले नाहीत. वर्सोव्याच्या उस्तादाने शिकवलं होतं, शंका आली तर कोपरा पेटवून बघ, मेणबत्तीसारखा थेंब गळला तर ते प्लास्टिक, त्याला रेझिन धरत नाय, पट्टी लावून बोल्टच मारायचे. काडेपेटी खिशात होती. पण कोपऱ्यावर गोव्याचा ट्रक निघायला उभा होता, आणि मला त्यात बसायचं होतं. मी चुकलो असं नाय, मुजम्मिल. मला कळलं होतं. अजून कुठेही गेलो तरी बोटं नाकाशी नेऊन वास घेतो, खाजतायत का बघतो.

माफी मागत नाय. मागायला तोंड नाय आणि ती तू एकट्याने द्यायचीही नाय. येत्या शुक्रवारी नमाज सुटल्यावर मी तो तुकडा घेऊन दासगावच्या मशिदीबाहेर उभा राहणार आहे, जे लोक अंगणात होते त्यांच्यासमोर. सलीमाचाचीला आधी घरी जाऊन सांगेन, तिला बाहेरून कळायला नको. पण बिलालला मी सांगितलेलं नाय. मी सांगितलं तर म्हणेल, दोस्त आहेस म्हणून समजूत घालतोस. त्याला ते तुझ्या तोंडून ऐकू दे, कारण तुझ्याच तोंडून त्याने ते दुसरं ऐकलं होतं. टपरीशेजारच्या हॉटेलात फोन आहे, नंबर पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलाय, दुपारी दोननंतर तो तिथेच जेवतो. तुला सुट्टी मिळत नाय म्हणून अफशाचा वली म्हणून चुलत्याला उभं करायचं ठरलंय असं ऐकतो. चुलत्याला राहू दे. बापाच्या जागी तिचा भाऊ उभा राहू दे. त्याने बूच लावलं होतं.

पूर्वीसारखा तुझाच म्हणवायचा हक्क तुझ्याकडे ठेवून,
चांगू