आपलेच डॉक्टर

दि. ९ मार्च

ती. ताई,

नमस्कार. इकडे सगळं जसं होतं तसंच आहे. आईचा गुडघा जिना चढू देत नाही, तोंड मात्र ठणठणीत आहे. भावजींची साखर आटोक्यात आली का? धाकटीला नोकरी लागल्याचं कानावर आलं. आनंद झाला. खरंच झाला.

निकाल तुला कळला असेलच. शेजारी अभिनंदन करून गेले, कारण कागदावर आपण जिंकलो. ही पूर्ण शुद्धीवर यायच्या आत भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या हॉस्पिटलच्या ऑपरेशनला निघून गेले, हिचा श्वास अडकलेला कोणाच्या लक्षात आला नाही, हे कोर्टाने मान्य केलं. भरपाई त्या डॉक्टरांनी द्यायची. ते तर केव्हाच परदेशी पसार झालेत. हॉस्पिटल सुटलं. डॉक्टर त्यांच्या पगारावर नव्हते, बाहेरून बोलावलेले होते, म्हणून त्यांची चूक हॉस्पिटलच्या माथी नाही. म्हणजे टेबल हॉस्पिटलचं, गाऊन हॉस्पिटलचा, बिल हॉस्पिटलचं, भूल तेवढी परक्याची! मी असं म्हटल्यावर वकीलसुद्धा हसले. मग मीच ओशाळलो.

वकील म्हणतात, अपील करता येईल. त्या डॉक्टरांना आम्ही निवडलं नव्हतं, हॉस्पिटलनेच ते आम्हाला दिले, एवढं आतल्या कोणीतरी सांगायला हवं. "तुमच्या ताई तिथे मेट्रन आहेत ना? त्यांनी एकदा उलट सांगितलंय, पण..." एवढं बोलून ते फाइल आवरायला लागले.

इथपर्यंत लिहून मी उठून गेलो होतो. आता लिहूनच टाकतो. ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर मी तुला विचारलं, "भूल कोण देणार गं?" तू माझा खांदा दाबून म्हणालीस, "अरे, आपलेच डॉक्टर आहेत. निवांत बस." मी निवांत बसलो. कोर्टात शपथेवर तू म्हणालीस, "ते आमच्याकडचे नव्हते. नातेवाइकांना तशी कल्पना दिली होती." कोणी दिली? तिथे माझ्याशी बोलणारी तू एकटीच होतीस.

तुझं रिटायरमेंट तोंडावर आलंय, भावजी घरी बसून आहेत, मला कळतं. कळतं म्हणून राग जात नाही. साक्ष बदल असं मी म्हणणार नाही. तू नाही म्हणशील, आणि ते ऐकायची ताकद माझ्यात उरलेली नाही. अपील करत नाही. हिच्यासाठी ठेवलेली बाई पुढच्या महिन्यापासून बंद. कूस बदलणं, नळीतून भरवणं आई आणि मी करू. आईच्याने किती होईल, देव जाणे.

पत्राचं कारण मात्र वेगळंच आहे. परवा हिच्या फोनमधले जुने मेसेज पुसत होतो. तुझ्या आवाजातला एक लागला. "अगं, दार उघड, केव्हाची बेल वाजवतेय!" हिने मान वळवली. पुन्हा लावला, पुन्हा वळवली. डॉक्टर म्हणतात, त्याला काही अर्थ नाही, आशा धरू नका. धरत नाही.

मी रोज हिच्याशी बोलतो, ताई. घसा बसेपर्यंत बोलतो. माझ्या आवाजाला हिने आजवर पापणीसुद्धा हलवलेली नाही.

तू ये. माझ्याशी बोललीच पाहिजेस असं नाही. तू हिच्याजवळ असशील तेवढा वेळ मी खाली रस्त्यावर थांबेन.

नाकारता येत नाही म्हणून तुझाच,
भाऊ