बावीस तारखेचा ड्रेस

३ मार्च, सोमवार

तिसरं दुकान. तिसऱ्यांदा हात हलवत परत!

पहिल्या ड्रेसला पोटावर पट्टा. दुसरा अंगाला असा चिकटलेला, की आत काय काय आहे ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळावं. तिसरा बरा होता— वर सैल, खाली घेर— पण इलॅस्टिक नेमकं तिथेच. बेंबीच्या उजवीकडे, दोन बोटं खाली. जगातल्या सगळ्या शिंप्यांनी मिळून ठरवलंय का, की बाईला आवळायचं तर इथेच?

वहीपासून तरी काय लपवायचं? नोव्हेंबरात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आतड्याचं टोक पोटातून बाहेर काढून ठेवलंय आणि त्यावर पिशवी चिकटवलीय. जे खाते ते त्या पिशवीत येतं. दिवसातून पाच-सहा वेळा रिकामी करायची. ती भरते, फुगते, आवाज करते. हे मला माहीत आहे आणि ह्यांना. बास. लेकीला "आतड्याचं छोटंसं ऑपरेशन" एवढंच सांगितलं. लांबच्या शहरात तिची नवी नोकरी, कशाला जिवाला घोर लावायचा.

आता बावीसला तिच्या लग्नाची पार्टी. "आई, सगळ्यांनी निळ्यात यायचं हं! आणि तू मस्त दिसायला हवीस. झगमग नको, पण स्टाइल हवी." स्टाइल! तीही परवडणारी, कारण दवाखान्याने आमचे खिसे झाडून नेलेत. शिवाय माइकवर दोन शब्द बोलायचे. सगळे गप्प बसून ऐकणार!

एकोणीस दिवस.

५ मार्च, बुधवार

लेकीने निळ्या रंगाचा फोटो पाठवला. बघताक्षणी ओळखला— आमच्या शेडकार्डावरचा चौथ्या ओळीतला, त्यात थेंबभर काळा जास्त. वीस वर्षं रंगाच्या दुकानात शेड मिसळतेय. कुठल्या भिंतीला कुठला निळा शोभेल ते झोपेतसुद्धा सांगेन. स्वतःचं तेवढं विचारू नये.

आज गिऱ्हाईक समोर उभं आणि पिशवी बोलली. चांगली लांबलचक! मी झटकन डबे घुसळायचं मशीन सुरू केलं. मालक म्हणाले, "अहो, आत डबा कुठाय?" म्हटलं, "जरा खडखडतंय, बघतेय." तीन महिने माझं हेच चाललंय. मालक आता मेकॅनिकला बोलावणार आहेत, बिचारे.

पार्टीत कुठलं मशीन लावू?

८ मार्च, शनिवार

ऑनलाइन मागवलेला आला. फोटोतल्या बाईच्या अंगावर ड्रेस होता, माझ्या अंगावर पडदा. आणि उभी राहिले की उजवीकडे टेंगूळ. आरशासमोर अशी वळले, तशी वळले. पर्स पुढे धरली. हात बांधून बघितले. अख्खी संध्याकाळ हात बांधून बसले, तर लोक म्हणतील नवऱ्या मुलीची आई रुसलीय!

ह्यांना विचारलं. "छान आहे." पेपरातून डोकं वर न काढता!

परत पाठवला.

९ मार्च, रविवार

लेकीचा फोन. "आई, ड्रेसचा फोटो पाठव ना. सासूबाईंनी त्यांचा केव्हाच पाठवला." मी काहीतरी पुटपुटले. सापडेल गं, बघतेय गं. ती म्हणाली, "आई, खरं सांग. तुला तो पसंत नाहीये ना?"

इतका गोड मुलगा! पण मी त्याला भेटायला गेले नाही, तिच्याबरोबर खरेदीला गेले नाही, सहा तासांचा प्रवास आहे म्हणून प्रत्येक वेळी काहीतरी कारण सांगितलं. तिने दुसरं काय समजावं? "वेडी आहेस का," म्हटलं, तर म्हणाली, "राहू दे. आवाजावरून कळतं मला."

बाथरूममध्ये गेले, कडी लावली, नळ सोडला आणि रडून घेतलं.

१२ मार्च, बुधवार

महाराणी आल्या होत्या. म्हणजे ह्यांची मोठी बहीण. समोर "ताई", वहीत महाराणी. दारातूनच सुरू— "काय वाळलीस गं! आणि हे काय पोतं घातलंयस?" स्वतः कडक इस्त्रीत. पंचावन्नच्या पुढे गेल्या, पण एक सुरकुती नाही, ना कपड्यांवर ना तोंडावर.

माझं महाराणींशी जमत नाही आणि त्याला कारण आहे. अकरा वर्षांपूर्वी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. सहा महिने मी त्यांचं सगळं केलं, अगदी सगळं. पोटची मुलगी एकदाही फिरकली नाही! "कामात आहे." आणि त्याच दिवसांत कुणीतरी मला फोनवर फोटो दाखवला— बाई पार्टीत नाचतायत, तोंडभर हसतायत. ते हसू मी विसरलेले नाही. विसरणारही नाही.

आज तासाभरात मी दोनदा आत जाऊन आले. दुसऱ्यांदा बाहेर आले तर टक लावून बघत होत्या. पायापासून डोक्यापर्यंत नाही. मधेच. मग म्हणाल्या, "ड्रेस मिळाला?" नाही म्हटलं. "पुलापलीकडे एक बाई आहे, पार्टीचे ड्रेस भाड्याने देते. तिच्याकडे जा. माझं नाव सांग."

भाड्याने! स्वतः कधी घातलाय भाड्याचा? भावजयीला मात्र चालेल!

१३ मार्च, गुरुवार

मरेन, पण त्या बाईकडे जाणार नाही.

१५ मार्च, शनिवार

लिहायचं नव्हतं. लिहिते.

मोठ्या दुकानात सेल. गर्दी ही! एक निळा सापडला, माझ्या मापाचा नव्हताच, तरी ओढून-ताणून चढवला. चेन वर ओढली आणि पोटावर गरम लागलं. कळलं. पिशवीची कड सुटली होती. ड्रेसवर, माझ्यावर, खाली फरशीवर. बाहेरून दार ठोठावतायत— "मॅडम, झालं का? रांग आहे." आणि वास! ती एवढीशी खोली, वर उघडी.

ओढणीने फरशी पुसली. वर कोट चढवला, ड्रेस अंगावर तसाच. काउंटरवर लेबल तोडून दिलं आणि म्हटलं, "घालूनच जाते." मुलगी हसून म्हणाली, "वा, एवढा आवडला?"

घरी येऊन तो ड्रेस कचऱ्यात टाकला. खूप वेळ अंगावर पाणी घेतलं. मी जाणार नाही. ठरलं. बावीसच्या सकाळी ताप आला म्हणून सांगायचं.

१६ मार्च, रविवार

ह्यांना सांगितलं. आधी चिडले, मग बादली उलटी करून तिच्यावर बसले, कारण मी बाथरूममध्येच होते. म्हणाले, "मग मीही जात नाही. दोघांना ताप." म्हटलं, चावटपणा पुरे. तर ह्यांचे डोळे भरलेले. तीस वर्षांत दुसऱ्यांदा बघितले.

"अगं, तिला सांगून टाक ना."

कसं सांगू? लग्नाच्या दिवशी तिने माझ्याकडे बघावं आणि तिला पिशवी दिसावी? आई म्हणून दिसायचंय मला, पेशंट म्हणून नाही!

१७ मार्च, सोमवार

काल दुपारपासून काही खाल्लेलं नाही. ह्यांच्यासाठी तरी जावंच लागणार. खाल्लंच नाही तर भरणारच नाही, असा हिशोब. बावीसपर्यंत जमेल का बघत होते. दुकानात शिडीवर चढले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मालकांनी धरलं. "घरी जा, आणि मशीनला हात लावू नका."

१८ मार्च, मंगळवार

गेले. पुलापलीकडे. मान खाली घालून.

दोन खोल्यांचं घर, पलंग सोडला तर सगळीकडे ड्रेसच ड्रेस, दारावर, खिडकीच्या गजांवर. ड्रेसवाली बाई टाचण्या तोंडात धरूनच बोलते. मी म्हटलं, निळा हवाय, पोटावर सैल. एकामागून एक काढून दाखवत होती. मग मी नणंदेचं नाव सांगितलं. तिचा हात थांबला. टाचण्या तोंडातून काढल्या, एकेक करून उशीत खोचल्या. आतल्या खोलीतून एक ड्रेस घेऊन आली, जुन्या चादरीत गुंडाळलेला.

"हा मी भाड्याने देत नाही. आत बघ."

तोच निळा! थेंबभर काळा जास्त असलेला. छातीखालून चुण्या सोडलेल्या, भरगच्च. उलटा केला, तर आत डावीकडे मऊ सुती खिसा. हाताने शिवलेला, ओबडधोबड टाके, दोऱ्याच्या गाठी दिसतायत. आणि त्या खिशाचं माप...

ते माप मला डोळे मिटूनही ओळखू येईल.

"तुझी कुठल्या बाजूला?" तिने विचारलं. तुझं घर कुठे, असं विचारावं तसं!

"उजवीकडे."

"मग हलवावा लागेल. परवा ये."

कुणाचा होता, विचारलं. "होता एका बाईचा. कुणा शिंप्याला सांगायची लाज वाटली म्हणून स्वतःच खिसा शिवला तिने. आणि पोटभर नाचली." पैसे घेईना.

घरी येऊन दोन वेळचं एकदम जेवले.

२० मार्च, गुरुवार

ड्रेस आणला. घातला. बसले, उठले, वाकले, जिना चढले. टेंगूळ नाही! पिशवी खिशात अशी बसते, की आवाजसुद्धा दबतो. ह्यांनी पेपर बाजूला ठेवला. नुसते बघत राहिले. "बोला ना काहीतरी," म्हटलं. "छान आहे" म्हणाले, पण आज बघून म्हणाले.

डावीकडे जुन्या टाक्यांची भोकं राहिलीत, एक ओळ. त्यांवरून बोट फिरवत बसले होते. कोण असेल ती? कुठे असेल? बरी झाली असेल का गं बाई?

लेकीला फोटो पाठवला. तिने उत्तरात काही लिहिलंच नाही. फोन केला आणि रडली.

२२ मार्च, शनिवार

निघतोय. एक जास्तीची पिशवी पर्समध्ये, एक ह्यांच्या कोटात.

२३ मार्च, रविवार

माइकवर बोलले. पिशवीही एकदा बोलली, पण ते फक्त मला कळलं. मग गाणी सुरू झाली आणि महाराणींनी मला हाताला धरून मधोमध ओढलं. नाचता नाचता त्यांचा हात माझ्या कमरेवर आला. डावीकडे. बरोबर त्या भोकांच्या ओळीवर. कानाशी म्हणाल्या, "माझी इथे होती गं."

अकरा वर्षांपूर्वी. ते सहा महिने. आणि तो फोटो! त्यात हाच ड्रेस होता. रंग ओळखण्यावर पोट भरणारी मी, मला त्यात फक्त त्यांचं हसू दिसलं होतं.

"ताई, मला तेव्हा सांगितलं का नाही तुम्ही?"

"तू तरी कुणाला सांगितलंस?"

रात्री लेकीकडेच राहिलो. ती आत्ता आंघोळीला गेलीय. बाहेर आली की सांगणार आहे, दाखवणारही आहे. खोलीची कडी काढून ठेवलीय.