मार्थाआक्कांची हरकत असेल तर

पुणे,
सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

ती. मार्थाआक्का यांस,

प्रभूच्या नावात सलाम. तुमच्या गुडघ्यांनाही सलाम, कारण तुमच्या घरात हल्ली सगळं त्यांच्याच मर्जीने चालतं असं गेल्या पत्रावरून दिसलं. तेल लावता, की बाटली खिडकीत ठेवून नुसती बघता? मी इकडे बरी आहे. खरं तर फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही माझं अर्धं ऐकता आणि उरलेलं अर्धं मनाने भरता. आज जे सांगायचं आहे त्यात मनाने भरलेलं मला चालणार नाही. तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. ती शेवटी विचारते. आधी इकडची खबर.

पावसाळा सरला की आमच्या मंडळीला कार्यक्रमांचा ताप चढतो, तो नाताळ झाल्याशिवाय उतरत नाही. शब्बाथशाळेच्या परीक्षा झाल्या. तरुण संघाची सहल खडकवासल्याला गेली आणि निम्मा संघ भिजून, कणसं खाऊन, घसा बसवून परत आला. पुढच्या रविवारी कॉयरमध्ये आम्ही म्हाताऱ्याच उरलो. मग महिला मंडळाचं प्रीतिभोजन झालं. त्यात भात उरला आणि मटण कमी पडलं. दरवर्षी मटण कमी पडतं, दरवर्षी आम्ही पुढच्या वेळी जास्त आणायचा ठराव करतो आणि दरवर्षी तो एकमताने मंजूर होतो.

बुधवारी घरोघरी प्रार्थना सुरू आहेत. माझी पाळी गेल्या महिन्यात होती. वाटलं होतं त्याहून जास्त लोक आले आणि शेजारच्या अफशीनकडून खुर्च्या आणाव्या लागल्या. तिने खुर्च्यांबरोबर शिरखुर्माही पाठवला, त्यामुळे त्या दिवशी प्रार्थना थोडी लवकर संपली असं माझं मत आहे. खुर्च्या रावसाहेबांनी आणल्या आणि पुसून परतही नेऊन दिल्या. रावसाहेब म्हणजे ते कात्रजचे, डेअरीतून निवृत्त झालेले. त्यांना कॉयरमध्ये घेत नाहीत म्हणून ते बाकावरून कॉयरपेक्षा मोठ्याने गातात. मागे लिहिलं होतं बहुधा.

त्या दिवशी उरलेला पुलाव मी त्यांना डब्यात घालून दिला. एकटेच असतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली आणि मुलगी उत्कर्षा नोकरीसाठी कोथरूडला राहते. डबा रिकामा परत करू नये एवढं त्यांना कळतं, पण त्यात काय घालावं हे कळत नाही. एकदा कढीलिंब आला. एकदा गच्चीवरची वांगी आली, देठाला माती तशीच. एकदा उघडला तर आत मलमाची ट्यूब. मी म्हटलं, "अहो, डब्यात मलम कोण घालतं?" तर म्हणाले, "मार्थाआक्कांना पाठवा. तुम्ही त्यांच्या गुडघ्यांबद्दल सारखं सांगत असता." तर ती ट्यूब वेगळी पार्सल करते आहे. लावून बघा.

आता कालचा हंगामाचा सण. वेदीसमोर ऊस बांधला होता, ज्वारीची कणसं होती, भोपळे, नारळ, दोन जिवंत कोंबड्या. त्यातली एक उपदेशाच्या बरोबर मधे ओरडली. पाळकसाहेब म्हणाले, "एकीने तरी आमेन म्हटलं." उपासना झाल्यावर अंगणात लिलाव. बोली पुकारायला दरवर्षीप्रमाणे संतोष. तो आयटीत आहे आणि एरवी तोंडातून शब्द काढत नाही, पण हातात माइक आणि भोपळा दिला की थांबत नाही.

आमच्या लिलावाचा एक नियम आहे, तो तुम्हाला माहीत नसेल. एका घरातून दोन बोल्या घेत नाहीत. फार पूर्वी एका सासू-सुनेने एकाच कोंबडीवर चढाओढीने बोली लावली होती, आणि त्या दोघी नाताळापर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत. तेव्हापासून हा नियम. नवरा-बायकोंनी किंवा मायलेकींनी एकाच वस्तूला हात वर केला की पुकारणारा त्यांना थांबवतो.

काल शब्बाथशाळेच्या मुलांनी टोपलीत पेरलेली मेथी लिलावात निघाली. विरळ, पिवळट, कोणी बघेना. मुलं समोर ओळीने उभी. माझ्याने बघवेना, मी हात वर केला. त्याच वेळी पलीकडून रावसाहेबांनीही केला. मी वाढवली, त्यांनी वाढवली. आमचं दोघांचंही लक्ष मेथीवर. आणि संतोष माइकवरून सगळ्या मंडळीसमोर म्हणाला, "सुशीलाकाकू, रावसाहेबकाका, एका घरातून दोन बोल्या घेत नाही आपण! आपापसात ठरवा आणि एकच सांगा."

म्हणाला आणि त्याने जीभ चावली. मला वाटलं, आता सगळे हसतील.

आक्का, कोणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, थट्टेवारी नेता आलं असतं. कोणालाही संतोष चुकला असं वाटलंच नाही. बायका आपापल्या पिशव्यांत बघत राहिल्या. मागून कोणी तरी अगदी सहज म्हणालं, "मग द्या की त्यांना मेथी, पुढचं घ्या." मेथी आम्हाला मिळाली आणि पुढचा नारळ निघाला. म्हणजे अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं. ज्यांना सर्वांच्या आधी ठाऊक असायला हवं, त्या तुम्हाला तेवढं नाही. मी टोपली तिथेच टाकून रिक्षाने घरी आले आणि खूप रडले.

कुकर झाला, उतरवून आले. आता आणखी खबर नाही. होती ती मी ओढूनताणून संपवली.

ऑगस्टमध्ये एका रविवारी स्वारगेटला बसची वाट बघत होतो. रावसाहेब म्हणाले, "सुशीलाबाई, संध्याकाळी घरी गेल्यावर तुमच्याकडे दिवा तुम्हीच लावता, माझ्याकडे मी लावतो. एकाच घरात लावला तर?" मी म्हटलं, "तुमचं वीजबिल वाचवायला मी लग्न करू का?" मला वाटलं हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "नाही. तुम्ही मला आवडता म्हणून." बस आली आणि आम्ही दोघांनीही ती सोडली. मी त्यांना सांगितलं, मला आमच्या आक्कांना विचारावं लागेल. ते म्हणाले, "विचारायलाच हवं."

तेव्हापासून रोज तुम्हाला विचारायचं ठरवते आणि रोज तुम्हाला सहलीबद्दल आणि मटणाबद्दल लिहिते.

मला भीती वाटते ती अशी. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं, तेव्हा त्या बारशाच्या जेवणात बायका माझ्याविषयी कुजबुजत होत्या. तुम्ही ताट खाली ठेवून सगळ्यांसमोर म्हणालात, "आमच्या सुशीलाबद्दल बोलायचं असेल तर मोठ्याने बोला, मलाही ऐकू दे." हे गेले तेव्हा तुम्ही स्वतःचा भाऊ गमावला होता, तरी माझ्याजवळ राहून मला जेवायला घालत होतात. मी ताट सरकवलं की तुम्ही परत पुढे करायचात. तुमच्या भावाच्या नावाने तुम्ही मला आपली केलीत. आता मी दुसऱ्याचं नाव लावलं तर मी तुमची कोण?

ह्यांना विसरले असं मनात आणू नका. अजून रस्ता ओलांडताना माझा उजवा हात आपोआप बाजूला जातो, त्यांनी धरावा म्हणून. रावसाहेबांना हे मी सांगितलं. ते म्हणाले, "मग मी डावीकडून चालेन." ह्यांचा फोटो कात्रजच्या घरात त्यांच्या बायकोच्या फोटोशेजारी लावायचा असंही त्यांनीच सुचवलं. हा माणूस चांगला आहे, आक्का. बेसूर आहे, पण चांगला आहे. आणि मलाही ते आवडतात. हे या वयात कागदावर लिहिताना कानशिलं तापली आहेत, पण लिहिलं.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार सूचना वाचतात, कोणाची हरकत असल्यास कळवावी म्हणून. पाळकसाहेब नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहिली सूचना वाचायला तयार आहेत. मी त्यांना थांबवलं आहे. म्हटलं, मंडळीला नंतर विचारा. माझ्यावर हरकत घ्यायचा हक्क एकाच माणसाला आहे आणि ते माणूस श्रीरामपूरला असतं. तुमची हरकत असेल तर सूचना वाचली जाणार नाही. रावसाहेबांना मी तसं स्पष्ट सांगितलं आहे आणि त्यांनी ते मान्य केलं आहे. मी तुमच्यावर रागावणार नाही. कारणही विचारणार नाही. फक्त स्वतःच्या हाताने लिहा, दुसऱ्या कोणाकडून निरोप नको.

तुम्ही काहीही लिहिलंत तरी तुमचीच भावजय,
सुशीला

———

श्रीरामपूर,
शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५

सुशीला,

सलाम. पोस्टमनने दिवाळीची पोस्त घेतल्याशिवाय पत्र हातात दिलं नाही. भिंग घेऊन वाचलं, म्हणून वेळ लागला. एवढी पानं ऊस, कोंबड्या आणि मेथी, आणि खरी गोष्ट शेवटी कोंबलेली. तुझी ही खोड जुनी आहे. प्रभाकरला ताप आला तेव्हाही तू आधी दुधाचा भाव लिहिला होतास.

तुला वाटतं मला ठाऊक नव्हतं. अगं, मागच्या नाताळापासून तुझ्या प्रत्येक पत्रात हा माणूस खुर्च्या उचलतो आहे. एवढ्या खुर्च्या तुमच्या अख्ख्या चर्चात नसतील. मी वाट बघत होते की तू कधी बोलतेस. मधे वाटलं आपणच विचारावं. पण म्हटलं, मी विचारलं आणि तू लाजून नाही म्हणालीस, तर ते पाप माझ्या माथी.

पत्र वाचून रडले, खोटं कशाला सांगू. प्रभाकरचा फोटो खाली काढला, पुसला आणि पदराखाली धरून बसले. वाईट वाटलं. माझा भाऊ आणखी थोडा गेला असं वाटलं. दुपारी जेवले नाही. मग तुझंच वाक्य आठवलं, मी ताट परत पुढे करायची ते. उठून जेवले. तू इतकी वर्षं संध्याकाळी एकटी दिवा लावतेस आणि मी इथे बसून तुला तेल आणि गुडघे लिहिते, याचं जास्त वाईट वाटलं.

मलम आलं. वास उग्र आहे. गुण येतो आहे, पण त्यांना इतक्यात सांगू नकोस. पुरुषाला लवकर शाबासकी देऊ नये.

आता हरकतीचं. हो, आहे.

लग्नाच्या वेळी पाळक विचारतात, या स्त्रीला लग्नात कोण देत आहे? तेव्हा बाप नाहीतर भाऊ पुढे येतो. तुझे दोघेही राहिले नाहीत. तू हळूच कोणाला तरी, त्या संतोषला किंवा तुमच्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्या पंचाला, उभं करशील आणि काम उरकशील, मी तुला ओळखते. त्याला माझी हरकत आहे. तुझ्या वडिलांनी तुला एकदा दिलं, ते आमच्या घरात दिलं. त्या दिवसापासून तू आमच्या घरची. तुला द्यायचं तर आता आमच्याच घराने द्यायचं, आणि आमच्या घरात प्रभाकरनंतर मी एकटी उरले आहे. बाईने दिलेलं तुमच्या पाळकांना चालत नसेल तर त्यांना म्हणावं, मार्थाआक्का येऊन बोलतील.

पहिली सूचना वाचू दे. मी लग्नाच्या आदल्या आठवड्यात येते. एसटीने येईन, घ्यायला रावसाहेबांनाच पाठव, मला माणूस बघायचा आहे. जेवणाला मटण जास्त सांग, ठराव नको. आणि माझ्यासाठी पुढे खुर्ची ठेवू नका. पाळकांनी विचारलं की मी उभी राहूनच म्हणणार आहे, मी देते.

मुलीकडची,
मार्था