गार न झालेले पोहे

बाई, तुमची ती वही अजून माझ्याकडे आहे. चॉकलेटी पुठ्ठ्याची, नेमावरच्या नावाड्याच्या नाटकाची. देवास गाव सोडलं तेव्हा आईनं ती बॅगेत कपड्यांखाली घातली. तिला वाटलं शाळेची आहे, कामाला येईल. दहावीत दोनदा बसलेल्या पोराला शाळेची वही कशाला कामाला येते? पण ती माझ्याबरोबर पीथमपूरला आली, सुरतेला आली, आता इथे तमिळनाडूत होसूरला आहे. मी चार नोकऱ्या सोडल्या, एका जागी बूड टिकत नाही माझं, पण वही टाकवली नाही. वाचलीही नाही. आता आता उघडली.

तुमच्या स्वयंपाकघरातला तो शनिवार मला पुरता आठवतो. शाळेत सगळे तुम्हाला मॅडम म्हणायचे, पण तुमच्या घरी आलं की आम्ही मराठी पोरांनी ‘बाई’च म्हणायचं, हा तुमचा कायदा. दुसरा कायदा पोह्यांचा. धारच्या स्पर्धेसाठी एकांकिका निवडायची म्हणजे सगळ्यांनी ओट्यापाशी खाली गोल बसायचं, प्रत्येकासमोर गरम पोह्यांची बशी, वर शेव आणि जीरावन मसाला, आणि एकेकानं एकेक पान मोठ्यानं वाचायचं. “ज्या नाटकापायी पोहे गार होतील, ते नाटक आपलं,” तुम्ही म्हणायचात. “पोरं खायला लागली की समजावं, नाटक पडलं.” आदल्या वर्षी सगळ्यांच्या बशा गार झाल्या होत्या. ते पोहे पुन्हा कढईत परतताना तुम्ही गुणगुणत होता.

त्या शनिवारी तुमच्या हातात ही वही आहे. कोणी लिहिलंय ते तुम्ही सांगत नाही. एवढंच म्हणता, “माझं शाळेतलं हे शेवटचं वर्ष. हे एकदा उभं राहावं असं फार मनात आहे.” पहिलं पान तुम्ही वाचता. मग वही त्या पहिल्या नंबरवाल्या मुलीकडे जाते आणि ती न अडखळता वाचत सुटते. मी ऐकत नाहीये. मी मोजतोय. तिच्यानंतर एक, मग माझा दोस्त, मग मी. बाई, मराठी मी बोलायचो, तीही अर्धी हिंदीच. हाताने लिहिलेली, तुमच्यासारख्या जुन्या घरातली मराठी समोर आली की मी पहिल्याच ओळीत अडकायचो. आदल्या वर्षी घसा बसलाय म्हणून मी वाचायचं टाळलं होतं आणि बाकीच्यांचं ऐकून ऐकून पूर्ण भूमिका पाठ केली होती. शाळेत मी सगळ्यांच्या नकला करायचो, प्रिन्सिपलची तर चालसुद्धा. त्या पोराला वाचता येत नाही हे कळलं असतं तर काय राहिलं असतं माझं?

वही दोस्तापर्यंत आली आणि मी चमचा उचलला.

“क्या कर रिया है बे?” तो कुजबुजला.

“भूक लागली भिया. तूपण खा, थंडे हो जाएंगे.”

तो हसला आणि खायला लागला. मग पलीकडचा. मी तर वर शेव मागितली. ती मुलगी चिडून म्हणाली, “बाई, यांना सांगा ना काहीतरी!” तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, बशीकडे पाहिलंत. म्हणालात, “कायदा म्हणजे कायदा,” आणि वही परत घेऊन मिटलीत. मग छापील पुस्तकातलं ते खोट्या डॉक्टरचं विनोदी नाटक निघालं. कोणीतरी म्हणालं, “पोहे तर संपले, आता ठरवायचं कशावर?” सगळे हसले. तुम्हीही हसलात. निघताना वही माझ्या हातात दिलीत. “तुझं पान राहिलं. घरी ने, सावकाश वाच.” आणि मग हळूच, “फार भूक लागली होती का रे?”

मी म्हणालो, हो.

धारला आम्हाला तिसरं बक्षीस मिळालं. परतीच्या बसमध्ये मी तुम्हाला ऐकू जाईल असं म्हणालो, “देखा, कॉमेडीच चालते.” तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होता. उन्हाळ्यात तुम्ही रिटायर झालात. नंतर एकदा भाजी घेताना भेटलात, विचारलंत, “वाचलंस का?” मी म्हणालो, मस्त आहे. “शेवट पटला?” एकदम पटला म्हणालो. तुमचा चेहरा केवढा खुलला. तुम्ही गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी तो चेहराच दिसला.

आता जेवणाच्या सुट्टीत गोदामाच्या मागे बसून रोज एक पान वाचतो, ओळीखाली बोट धरून. इथे मराठी बोलायला कोणी नाही, म्हणून असेल. नाटक तुम्हीच लिहिलंय हे खाडाखोडीवरून कळलं. नुसतं उतरवून घेणारा माणूस एक वाक्य तीनदा बदलत नाही. नर्मदेवर पूल झालाय, नावेत कोणी बसत नाही, आणि नावाड्याचा पोरगा आंधळ्या बापाला ते कळू देत नाही. रोज रिकाम्या नावेत बसून म्हातारीचा, व्यापाऱ्याचा, रडक्या पोराचा आवाज काढतो, म्हणजे बापाला वाटावं सवाऱ्या भरल्यात. असे आवाज काढणारं शाळेत कोण होतं, बाई?

आणि त्या पोराच्या वाक्यांपाशी समासात तुम्ही पेन्सिलीनं हिंदीत अर्थ लिहिलेत. अवघड शब्दांच्या खाली बारीक रेघा, कुठे थांबायचं त्याच्या खुणा. बाकी कोणाच्या वाक्यांपाशी काही नाही. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. माझ्यापर्यंत वही येऊ दिली असती, तर मला ते पान वाचता आलं असतं.

हे पत्र टाकायचं कुठे? तुमच्या घरात आता दुसरेच लोक राहतात. वहीतच ठेवीन. काल वाचता वाचता माझा डब्यातला भात गार झाला, हे तुम्हाला सांगायचं होतं. आणि ते दुसरंही. त्या शनिवारी मला भूक नव्हती लागली, बाई. मी घरून पोटभर डाळ-बाफले खाऊन आलो होतो.